माझ्या वरणातलं तूप

तुपाचा वास आला की मला अजूनही मळमळतं. घरच्या लोण्याचं, कढवलेलं, ज्याच्यासाठी पाहुणे आमच्याकडं जेवायला थांबतात, तेच तूप.

माझा धाकटा भाऊ अंकुर. वय एकतीस आणि दोन्ही किडन्या गेलेल्या. राळेगावहून एसटीनं यवतमाळला डायलिसिसला जायचा आणि परत येताना खिडकीला डोकं टेकून झोपायचा. आईला साखरेची बीमारी, त्याच्या बायकोचा, वहिनीचा, रक्तगट जुळेना. माझं सगळं जुळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो.

"दहा-बारा किलो उतरवा, मग ऑपरेशन," ते म्हणाले. "एवढ्या वजनात किडनी काढणं तुम्हालाच धोक्याचं. आणि पुढं जन्मभर एकाच किडनीवर चालवायचंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर बसून. गावातल्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कोण सुटली, कोण वाळली, हे त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं. स्वतःच्या ब्लाऊजची शिवण मात्र दरवर्षी उसवायची आणि कापड आटलं म्हणायचं, असा माझा कारभार.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनं जगावेगळं काही सांगितलं नाही. उपाशी राहू नका. ताटात आधी भाजी, काकडी, वरण वाढून घ्या, मग भाकर. तेल चमच्यानं मोजून घाला. चहा बिनसाखरेचा. जेवताना टीव्ही बंद. रोज पाऊण तास पाय उचलून चाला, तासभर बसलात की उठा, रात्री वेळेवर झोपा. काट्यावर आठवड्यातून एकदाच, रोज उभं राहून जीव जाळू नका. मी विचारलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. पण रोज. आणि ऑपरेशन झाल्यावरही."

मला ते सोपं वाटलं. आपल्या माणसांना मी अजून ओळखत नव्हते.

बातमी गावात फुटली आणि डबे यायला लागले. डिंकाचे लाडू, शेवया, पुरणपोळ्या. "अवयव देऊन राह्यली व माय तू, ताकत पाह्यजे अंगात!" जणू किडनी म्हणजे भोपळा, खत घातलं की वाढणार. नको म्हटलं की तोंडं वाकडी. एका लग्नात पंगतीला बसले आणि ताटावर हात आडवा धरला, तर वाढणाऱ्या बाप्यानं हसत हसत हातावरच जिलेबी ठेवली. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, माशा बसल्या आणि आजूबाजूच्या बाया खिदळल्या. त्या आग्रहाची मला अशी किळस आली की ताटावरून उठून हौदावर जाऊन हात घासला. लोक याला माया म्हणतात. समोरच्याच्या पोटाशी यांचं काही घेणंदेणं नसतं, यांना आपला हात मोठा दाखवायचा असतो.

माझा नवरा गोपाल मात्र वेगळा, असं मला वाटायचं. बायकोनं किडनी द्यायची तर नवऱ्याची सही लागते. त्यानं माझ्या आईसमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर, एका झटक्यात सही केली होती. "अंकुर माहा साळा नाही, माहा भाऊ हाय," म्हणाला. आई पदरात तोंड घालून रडली. माझी मान ताठ झाली होती त्या दिवशी.

संध्याकाळी तो राळेगावहून येताना पुडा आणायचा. कचोरी, आलुबोंडे, तेलानं पारदर्शक झालेला कागद. "दिवसभर मरमर करतं. एक खाल्ल्यानं काय होते?" त्याचं मन मोडू नये म्हणून मी अर्धी खायची. खरं सांगायचं तर त्यानं आठवणीनं आणलं याचंच मला कौतुक होतं.

पहाटे उठून नाल्यापर्यंत चालत जायची नि यायची. संध्याकाळी मशीनवरून उठून पुन्हा एक फेरी. स्वयंपाक सासूबाईंकडं. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात दोन-तीन किलो उतरलं. मग काटा थांबला. मग एक किलो वरच चढला.

तिकडं अंकुरचं तोंड सुजायला लागलं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. उन्हाळ्यात तो ओला रुमाल ओठांवर धरून बसायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, नाही जमलं तं राहू दे. तुह्यी काई चुकी नाही." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री आरशासमोर उभी राहिले आणि माझ्याच पोटाची मला शिसारी आली. भाऊ मरतोय आणि हिच्या अंगावरची चरबी हलत नाही! रात्रीचं जेवण मी बंद केलं. आठ दिवसांत मशीनवरच चक्कर येऊन पडले.

मॅडम चिडल्या. "उपाशी राहायचं नाही, सांगितलं होतं ना? तुम्ही सांगता तेवढंच खात असाल तर वजन थांबायला नको. घरी भाजीवर तेल तरंगतं का? नीट बघा."

घरी आले आणि पहिल्यांदाच वरणाची वाटी खिडकीशी नेऊन तिरपी केली. वर पिवळी साय. बोट बुडवलं, तर बोट तुपानं माखलं. भाकरी मोडली, तीही तुपात मळलेली. आमच्या घरात तुपाचा वास भिंतींनाच आहे, तो वेगळा कळणार कसा?

"मामी, हे काय?"

मामी चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "काय म्हणजे? तूप हाय. डॉक्टरनंच सांगतलं म्हणे ना. चिरफाडीच्या आधी अंगात तूप मुरलं पाह्यजे. गोपाल म्हणे, तिले सांगू नको, ते नाटकं करते."

"कोण्या डॉक्टरनं सांगतलं, मामी? डॉक्टरपाशी मी जातो. त्यायनं तं बंद कर म्हटलं."

मामींच्या हातातली पळी थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. दोघींना एकाच वेळी कळलं, आणि दोघींपैकी कुणालाच ते आधी बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी गोपाल पुडा घेऊन आला. मी विचारलं, तर आधी हसला. मग म्हणाला, आईचं ऐकण्यात काही चुकलं असेल. मामी दारात उभ्या होत्या. त्यांना पाहिल्यावर त्याचा आवाज चढला.

"मंग काय करू मी? नाही म्हटलं असतं तं साऱ्या सोयऱ्यायनं तोंडात शेण घातलं असतं माह्या. सही केली ना म्या? आता तुह्यच वजन उतरत नाही, त्याले मी काय करू?"

"अन् अंकुर मेला असता मंग?"

"मी मारलं असतं काय त्याले? ज्याचं त्याचं नशीब."

मला वाटलं, आता तरी म्हणेल की तुला काही होईल याची भीती वाटत होती. तेवढं एक वाक्य बोलला असता तरी मी माफ केलं असतं. तो म्हणाला, "उद्या तू खाटेवर पडली तं घरचं कोण करीन? मशीन कोण चालवीन?"

आणि पुडा उघडून कचोरी खायला लागला. हनुवटीवर तेल, मिशीत चुरा. सोळा वर्षं या माणसाच्या शेजारी झोपले मी. याच्या शर्टाच्या बाह्या, कॉलर, बटणं, सगळी माझ्या हातची. त्या क्षणी त्याच्या हाताचा स्पर्श झालेली वस्तूसुद्धा हातात धरवेना. मी मोरीत जाऊन ओकले. पोटातलं पडलं, किळस आत राहिली.

तुपाचा डबा मामींनी दुसऱ्या दिवशी शेजारी देऊन टाकला. तेलाच्या बरणीत चमचा बांधला. वरण वाढलं की वाटी स्वतःच खिडकीशी तिरपी करून मला दाखवायच्या, न विचारता. पहाटे मी दाराची कडी काढली की त्या चपला घालून उभ्या असायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी नाल्यापर्यंत यायच्या. वाटेत एकदाच म्हणाल्या, "माह्या हातानं वाढलं व म्या तुले." मी म्हटलं, "तुमाले काय माहीत होतं, मामी?" आणि आम्ही चालत राहिलो.

भूक लागली की जेवायचं, पोट भरायच्या आधी उठायचं, चालायचं, झोपायचं. कंटाळवाणं होतं सगळं, पण वजन उतरलं. सोयाबीन निघालं तोवर माझे ब्लाऊज सैल झाले, आणि यावेळी मी शिवण आत घेतली. बाया कापूस वेचायला लागल्या तेव्हा डॉक्टर काट्याकडं पाहून म्हणाले, "छान. समितीपुढं जाऊ."

अवयव द्यायची परवानगी देणाऱ्या त्या समितीपुढं नवऱ्याची संमती पुन्हा लागते. तोंडी विचारतात, मग सही. गोपाल इस्त्रीचा शर्ट घालून आला, मीच शिवलेला. मामीही हट्टानं सोबत आल्या. टेबलाच्या पलीकडून समितीतल्या एका मॅडमनं विचारलं, "तुमची काही हरकत?"

"हरकत कायची जी?" गोपाल हात जोडून म्हणाला. "मीच तं तिले रोज पहाटे फिरवाले नेत होतो. घरातलं तूप-तेल मीच बंद केलं. म्हटलं, साळा वाचला पाह्यजे."

त्या मॅडमचा चेहरा उजळला. "असे नवरे कमी पाहायला मिळतात हो आम्हाला."

ते तूप, ती कचोरी, मशीन कोण चालवीन, सगळं एका वाक्यात ओतता आलं असतं. पण सही अजून व्हायची होती. मी तोंड उघडलं असतं, तर फाईल बाजूला पडली असती आणि बाहेर बाकड्यावर बसलेला अंकुर पुन्हा एसटीच्या खिडकीशी गेला असता. मामींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मान हलवली. हो, असेच आहेत हे. गोपालनं सही केली.

बाहेर आल्यावर वहिनीनं अंकुरला सांगितलं, झालं. तो बाकड्यावरून उठला. वाकायची ताकद नव्हती त्याच्यात, तरी वहिनीच्या खांद्याला धरून वाकला आणि डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला तो हात त्यानं गोपालच्या पायांवर ठेवला.

"भाऊजी, तुमच्यामुळं जगलो."

गोपालनं पाय मागं घेतले नाहीत.