मोहाखालचा धूर

तांड्यात लावलेल्या सिनेमाच्या पडद्यावर आपला हात दिसला तेव्हा रुपीबाईला आधी आनंदच झाला. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांवरून सगळ्या तांड्याने तो ओळखला आणि बाया खुसखुसल्या. मग त्या हाताने मोहाच्या झाडाखालच्या पाल्याला काडी लावली, धूर वर चढला, आणि पुढच्याच क्षणी पडदाभर जंगल भडकलं. सिनेमातला एक जाडजूड आवाज म्हणाला, "हवामान बदलतंय, आणि माणसाचा निष्काळजीपणा त्या आगीत तेल ओततोय."

खुसखुस थांबली. सगळ्या माना रुपीबाईकडे वळल्या.

झरी जामणीकडचा हा बंजाऱ्यांचा तांडा मोहाचा हंगाम जिवापाड जपतो. फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून पूर्वी सगळेच झाडाखालचा पाला जाळायचे. पण उन्हाळे दरवर्षी जास्तच तापू लागले, एकदा ठिणगी थेट डोंगरावर गेली, तेव्हा तांडाप्रमुख नायक भावसिंगने नसाब, म्हणजे तांड्याची न्यायसभा, बसवली. ठरलं असं, की पाला झाडायचा, खाली जुनी लुगडी अंथरायची, आणि जो जाळेल त्याचे मोह एका हंगामापुरते काढून घ्यायचे. रुपीबाईचे नाल्याकाठी तीन मोह होते. नवरा गेल्यापासून तिच्या घरची मीठमिरची त्यांच्यावरच चालायची, आणि नेमकी आता फुलं गळायला लागली होती.

सिनेमा दाखवायला आलेला पुण्याचा अमर गेल्या हंगामात हाच वणव्यांवरचा माहितीपट काढायला आला होता. अंथरलेली लुगडी पाहून गड्याचा चेहराच पडला. "मावशी, पूर्वीसारखं जाळून दाखवाल?" दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं रुपीबाईला जन्मात जमलं नव्हतं. तिने मूठभर पाला पेटवला. "धूर कमी दिसतोय मावशी, अजून थोडा पाला टाका ना." तिने टाकला. मग घागरभर पाणी ओतून, वर माती सारून, विझल्याची खात्री करूनच ती उठली. पडद्यावर दिसला तो वणवा डोंगरापलीकडून आला तो नंतर, आणि पळसाच्या ओल्या फांद्यांनी त्याला झोडपणाऱ्यांत हीच बाई सर्वांत पुढे होती. तिचं हे विझवणं मात्र पडद्यावर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रुपीबाई उठली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळी आग तिच्या ओढणीवर नाचू लागली.

"मावशी, जरा बाजूला व्हा," अमर म्हणाला.

"नाई होत." पाहुण्याला कळावं म्हणून ती आपली गोरबोली सोडून वऱ्हाडीत बोलत होती. "माह्या ओंजळभर पाल्यानं दुनिया तापली म्हन्तं? अन् वणीहून कोळशाचे ट्रक रातदिस चालून राह्यले, ते का शेकोटीले? ते नाई दिसले तुह्या कॅमेऱ्याले? माहाच हात दिसला?"

अमरने सिनेमा थांबवला. भावसिंग जड आवाजात म्हणाला, "रुपीबाई, हात तुहाच हाय नं?"

"माहाच हाय. काडीबी मीच लावली. नाई कायले म्हनू?"

"मंग मोह गेले तुहे."

तिची मान खाली गेली नाही. "जाऊ द्या. पन कायदा पुरा लावा, नायक. जो आग लावते अन् जो लावायले लावते, दोघाईले दंड बराबर. तुमचा बाप नायक व्हता तवा त्यानंच सांगतलं हाय."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. भावसिंग अमरकडे वळला. "पाला पेटवायले कोनं सांगतलं?"

"काका, ते प्रतीकात्मक दृश्य आहे."

"मंग प्रतीकात्मक बाई आनायची व्हती. आमचीच काहून धरली?" भावसिंगने विचारलं.

बाया पदराआड फिसकन हसल्या. अमरचे कान लाल झाले. "मीच सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"आता याचे मोह कुठून काढून घ्याल, नायक?" रुपीबाईने विचारलं. "याच्यापाशी तर एकबी झाड नाई. दंड असा लावा, जो दोघाईलेबी भरता येईन."

भावसिंगने मिशीवरून हात फिरवला. बाई पेचात पकडते हे त्याला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्याने निवाडा दिला. मोह रुपीबाईकडेच राहतील. तांड्यापासून नाल्यापर्यंत जाळरेषा काढायची, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला ओढून जमिनीचा रुंद पट्टा मोकळा करायचा. अर्धा पट्टा तिचा, अर्धा अमरचा.

"पण मला उद्या पुण्याला निघायचंय," अमर म्हणाला.

"निघ नं. सिनेमा इथंच ठेवून जा," रुपीबाई म्हणाली. तांड्याचा होकार मिळाल्याशिवाय तो कुठेही दाखवायचा नाही, अशी सिनेमाला पैसे देणाऱ्यांची अटच होती. तो होकार घ्यायलाच तर स्वारी आली होती.

सकाळी फुलं वेचून रुपीबाई जाळरेषेवर आली तेव्हा अमर फांद्यांचा झाडू घेऊन पाला ओढत होता. सदरा पाठीला चिकटला होता, तळहाताला फोड आले होते. त्याच्यासोबत आलेल्या कॅमेरावाल्याने कॅमेरा अर्धवट उचलला आणि बिचकून खाली घेतला.

"काढ नं," रुपीबाई म्हणाली. मग कंबरेवर हात ठेवून तिने पट्टा नीट न्याहाळला. "साहेब, पट्टा कमी दिसून राह्यला. अजून थोडा पाला ओढा नं."

अमर थांबला. ते शब्द कोणाचे हे त्याला कळलं. त्याने खाली वाकून पुन्हा झाडू चालवला.

"हे ठेवायचं का सिनेमात?" कॅमेरावाल्याने हळूच विचारलं.

"ठेव," रुपीबाई म्हणाली. "अन् आवाजासकट ठेव."