ताडपत्रीखालचा अंगठा

रंग वाळला का हे बघायला रणगाड्याला कध्धी बोट लावायचं नाही. रणगाड्याचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून तोडून घ्यायचे, त्या उरलेल्या चौकटीलाही तोच रंग द्यायचा आणि बोट लावायचं ते तिला. हा नियम मामाने चिमटीला शिकवला होता आणि चिमटीने टिकलीला. शिकवून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता तिने!

मामा कवळ्या बनवायचा. एरवी लोकांचे दात आणि सुट्टीच्या दिवशी तळहाताएवढे रणगाडे. टेबल तेच, कानसही तीच. त्या टेबलाजवळचं दुसरं स्टूल तीन वर्षं चिमटीचं होतं. चिमट्याने मोहरीएवढा दिवा बसवताना तिचा हात जराही हलत नसे, म्हणून तर ते नाव. आणि मामाची लेक टिकली? तिला कालपरवापर्यंत रणगाड्याची पुढची बाजू कुठली तेही कळत नव्हतं. या सुट्टीत बाईसाहेबांना अचानक हौस आली आणि पहिल्याच रणगाड्याच्या चाकांवर तिने रंगाचा चिखल असा काही उडवला, की मामाच्या तोंडून निघालं, "अरेच्चा!"

तीन वर्षांत चिमटीच्या वाट्याला फक्त "बरंय" आलं होतं. फार तर, "बरंय की."

आता येत्या प्रदर्शनात मामाच्या रणगाड्यांशेजारी घरातल्या एकाच पोराचा रणगाडा मांडता येणार होता.

"या वेळी टिकलीचा नेऊ," मामा म्हणाला. "चालेल ना गं तुला?"

"न चालायला काय झालं?" चिमटी हसलीसुद्धा. हसताना दाढा आवळल्या गेल्या.

टिकलीने तोफेमागच्या सपाट जागेवर हिरव्याचा शेवटचा हात दिला, रणगाडा खिडकीत ठेवला आणि बापलेक हात धुवायला गेले. शेजारीच हिरवी चौकट होती. चिमटीने चौकटीकडे पाहिलं आणि अंगठा टेकवला तो थेट रणगाड्यावर. नुसतं वाळलाय का ते बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःलाच पटलं नाही. रंगात अंगठ्याची रेघ न् रेघ उमटली.

टिकलीने ते पाहिलं आणि भोकाड पसरलं. "बाबा, ठेवताना माझाच अंगठा लागला वाटतं!"

"रडतेस काय? खऱ्या रणगाड्यांवर सामान लादलेलं असतंच. तिथे ताडपत्रीची वळकटी बसवू." मामा वळला. "आणि ती चिमटीच करणार. असलं नाजूक काम माझ्याच्यानेही होत नाही."

झाली का पंचाईत! चिमटीने कागदी रुमालाचा पापुद्रा सोडवला, डिंकाच्या पाण्यात भिजवला, वळकटी केली, वर शिवणाचा दोरा आवळला. मुद्दाम वाईट करायची असं ठरवूनच बसली होती. पण हात ऐकतील तर शपथ! सुरकुत्या अशा पडल्या, जणू कुणीतरी आत्ताच घाईघाईने गुंडाळून बांधलीय.

मामाने भिंगातून पाहिलं. "अरेच्चा!"

ज्या शब्दासाठी तीन वर्षं जीव टाकला, तो आला तोही टिकलीच्या रणगाड्यावर, स्वतःचंच पाप झाकताना. चिमटीला तो धड गिळताही येईना.

प्रदर्शनात जो तो ताडपत्रीवर वाकत होता. "ही माझ्या ताईने केलीय हं," टिकली प्रत्येकाला सांगत होती. मग लोक ताडपत्री सोडून टिकलीचंच कौतुक करत. काय निर्मळ मनाची पोर!

शेवटी चिमटीला राहवेना. तिने टिकलीला कोपऱ्यात ओढलं. "बास झालं तुझं ताईपुराण! त्या ताडपत्रीखाली माझा अंगठा आहे."

"माहितेय," टिकली म्हणाली. "ताडपत्री चिकटवायच्या आधी मी माझा अंगठा त्या ठशात बसवून बघितला होता. केवढा ढिला झाला!"

"मग मामाला..."

"बाबांना कशाला सांगू? तू यायची बंद झालीस तर मला चाकं रंगवायला कोण शिकवणार?"

चिखल हिचा चांगला, आणि आता मनही हिचंच चांगलं! काही म्हणून शिल्लक ठेवेल तर ना!

"चाक रंगवताना ब्रश नाही फिरवायचा," चिमटी फणकारली. "ब्रश धरायचा आणि चाक फिरवायचं. एवढंही मीच सांगायचं का?"