‘निधी शिल्लक नाही’ म्हणणारा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली रबराचं तोंड आणि तोंडावर दोन ओळी : ‘निधी शिल्लक नाही. नाव प्रतीक्षा यादीत घेतले.’ मला वाचता फक्त एवढंच येतं, तेही उलटं.

कोर्टाशेजारच्या टपरीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. अक्षरं कोरून झाल्यावर त्याने फुंकर मारली, कागदावर दाबून पाहिलं आणि म्हणाला, “झकास उठलाय.” तेव्हा माझी छाती फुगली होती. आपण काय बोलतो ते मला कुठे ठाऊक होतं.

मग मी फुकट वकील मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत आलो. तिथल्या टेबलावर दोन ट्रे होते, फौजदारी आणि दिवाणी. ज्याला तुरुंगात जावं लागेल त्याचा अर्ज फौजदारीत. घर, पोटगी, अडकलेला पगार अशी भांडणं दिवाणीत. सरकारचा पैसा आधी फौजदारीला लागे. ते बरोबरच होतं, कोठडीतल्या माणसाला वकील नको का? पण अर्धं वर्ष सरायच्या आत दिवाणीचा पैसा आटून जाई आणि तिथून पुढे माझं राज्य. शेजारचा ‘मंजूर’ शिक्का स्टँडवर नुसता लटकलेला असे आणि तरी टेंभा मिरवायचा. मी राब राब राबायचो, पण मला पाहून कोणाचाही चेहरा खुलला नाही. लोक अर्ज उचलायचे, माझ्या दोन ओळी वाचायचे आणि गुपचूप घडी घालून निघून जायचे. मला फार वाईट वाटायचं.

आमचे कारकूनकाका माणूस भला, पण कामात भारी टापटीप. शिक्का वाकडा उठलेला त्यांना खपत नसे. टेबल कडक, म्हणून ते अर्जाखाली जुन्या परिपत्रकांची जाड गादी ठेवत. वरचा कागद मळला की तो काढून नवा घालत. गादीमुळे माझी अक्षरं सारखी उठत. साहेबलोकही म्हणत, “काका, तुमच्यासारखा शिक्का कोणाचा नाही.” काका खूश, मीही खूश.

एका सोमवारी एक बाई आली. घरी शिवणकाम करायची, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि घरमालकाने घर खाली करून घ्यायला दावा लावलेला. गुरुवारी तारीख होती.

“साहेब, भाडं मी दर महिन्याला दिलंय, पावत्या आहेत,” ती म्हणाली. “पण कोर्टात काय बोलायचं मला कळत नाही. गुरुवारी माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, तर सासऱ्यांना उचलून नेऊ कुठे?”

“ताई, दिवाणीत या वर्षी काही उरलं नाही,” काका म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. त्यांनी मला शाईवर टेकवलं. मला उठायचं नव्हतं. पण रबराला नाही म्हणता येत नाही.

अर्जावर मारण्याआधी काका मला नेहमी गादीच्या कोपऱ्यावर एकदा उठवून पाहत. त्या दिवशी मी अर्धाच उठलो. वरचा कागद दाबून दाबून पार चेपला होता. काकांनी चरफडत तो उपसला, टोपलीत टाकायला हात लांब केला आणि हात तसाच राहिला. ते पुटपुटत वाचत होते. पहिली ओळ ‘निधीबाबत’, दरवर्षीचीच. तेवढीच पाहून चार महिन्यांपूर्वी त्यांनी तो कागद गादीत घातला होता. खाली लिहिलं होतं : ज्या दिवाणी प्रकरणात राहतं घर जाण्याची भीती असेल, ते फौजदारीइतकंच तातडीचं धरावं, त्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवली आहे.

मित्रांनो, चार महिने मी त्या कागदावरच ‘निधी शिल्लक नाही’ म्हणत होतो.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, जरा बसा. चूक माझी आहे,” असं ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी थेट कचेरीच्या यादीवरच्या एका वकीलबाईंना फोन लावला. वकीलबाई आल्या, पावत्या पाहिल्या, दोन प्रश्न विचारले. मग काकांनी ‘मंजूर’ उचलला. त्या दिवशी त्याचा टेंभा मला मुळीच खुपला नाही.

तीन दिवस काका धड जेवले नाहीत. प्रतीक्षा यादीतले अर्ज काढून एकेक वाचत बसले. घराचे अकरा निघाले. नऊ जणांना त्यांनी बोलावून घेतलं. दोन कुटुंबं आधीच घराबाहेर पडली होती. त्यांचे अर्ज त्यांनी काचेखाली, डोळ्यांसमोर ठेवले आणि त्यांचा पत्ता शोधायला स्वतः निघाले.

शुक्रवारी सकाळी शिवणकामवाली बाई आली. कचेरीत सगळ्यांचे कान टवकारले. ती खुर्चीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “साहेब, सासऱ्यांची खाट हलवावी लागली नाही.” कोर्टाने पावत्या पाहून दावा निकाली लागेपर्यंत तिला घराबाहेर काढायला मनाई केली होती. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकांनी चष्मा काढला आणि उगाचच बराच वेळ पुसला.

आता दिवाणीच्या ट्रेमध्ये घराचे अर्ज वर असतात. बाकीच्यांसाठी पैसा अजूनही अपुराच पडतो, तेव्हा मला काम आहे, पण कमी. माझं रबर वाळत चाललंय आणि मला त्याचं दुःख नाही, उलट हायसं वाटतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात असाच एखादा शिक्का येईल. तो स्वच्छ ठेवा, सरळ उठवा, पण उचलण्याआधी समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तेवढा वेळ मी खुशाल थांबेन. माझ्या घरावर कुठे तारीख लागली आहे?