दुसऱ्याच कपड्यावरचा थेंब

लाँड्रीवाला इतका सावध माणूस, की चहा गार झालाय हे दिसत असूनही फुंकर मारून प्यायचा. धंदाच तसा. डाग काढायचं औषध कपड्यावर ओतण्याआधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकायचा, थांबायचं, रंग उतरत नाही ना ते बघायचं आणि मगच डागाला हात घालायचा. वडिलांनी हे त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला शाळकरी वयातच शिकवलं होतं. बहीण पुढे फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांचे खांदे-गुडघे ठिकाणावर आणू लागली, पण अजूनही पेशंटला हात लावताना आधी बोटाच्या टोकाने दाबून विचारते, दुखतंय का. घरचं वळण, दुसरं काय.

आणि असा हा माणूस बुडाला कशाने, तर थेंब टाकूनच.

वडील गेल्यावर दुकानाच्या वरची खोली विकली. आपल्या वाट्यातून त्याने प्रेसचं नवं मशीन घेतलं. बहिणीने आपला वाटा त्याच्याच भरवशावर बिटकॉइनमध्ये ठेवला. "दादा, तुला त्यातलं कळतं. मला नको ती डोकेफोड," ती म्हणाली आणि दादा टम्म फुगले. तेव्हापासून जो येईल त्या गिऱ्हाइकाला तो लाँड्रीच्या बिल्ल्यावरून सगळं समजावून सांगायचा. तुमचा कोट माझ्याकडे आत, बिल्ला तुमच्या खिशात. तसंच खरं नाणं एका जागी कुलपात राहतं आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या नेटवर्कवर चालणारा बिल्ला मिळतो. त्याला रॅप्ड, म्हणजे गुंडाळलेलं नाणं म्हणायचं. तो बिल्ला आणखी तिसरीकडे न्यायचा तर मध्ये पूल असतो. इकडे जमा केला की तिकडे तसाच नवा मिळतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि आपला शर्ट घेऊन चालू पडायचं.

बहिणीचे पैसेही असल्याच बिल्ल्यांत होते. ते ठेवायला त्याने फोनमधलं साधं, एका चावीचं पाकीट केलं नाही, दोन चाव्यांची तिजोरी केली. एक चावी त्याच्या फोनमध्ये, एक तिच्या. दोघांनी होकार दाबल्याशिवाय त्यातली दमडी हलणार नाही. "एकाच्या हातून चूक झाली तर सावरायला दुसरा असावा," हे त्याचंच बोलणं. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बहीण ज्या जागेत भाड्याने क्लिनिक चालवायची, तिचा मालक ती जागा तिलाच द्यायला तयार झाला. सही शुक्रवारी. त्या दिवशी पैसे नसतील तर शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला टपून बसलेलाच होता. बहिणीने फोन करून सांगितलं, "आहेत तिथेच विकून टाक आणि खात्यात घाल. थोडे कापले गेले तरी चालतील."

पैसे तिचे, कापले जाणार तिचे, ती म्हणतेय चालतील, आणि जीव खालीवर होतोय याचा! तिथे भाव कमी मिळत होता. पुलापलीकडच्या नेटवर्कवर बरा होता. जरा हातपाय हलवले तर बहिणीच्या क्लिनिकमधल्या एखाद्या पलंगाचा खर्च सुटेल, असं त्याच्या मनात आलं. हेतू चांगला होता हो, ते कोण नाही म्हणतंय? पण चांगल्या हेतूने कोणाचे दात पडायचे राहिलेत?

नवा पूल, म्हणजे आधी थेंब टाकायला हवा. तिजोरीतून टाकायचा तर बहिणीचा होकार लागणार, आणि मग मोठ्या रकमेला पुन्हा होकार. मागच्या खेपेला पेशंटचा खांदा तिच्या हातात असताना याने फोन केला होता, तेव्हा ती करवादली होती, "किती वेळा अंगठा घेणार आहेस माझा? काय ते एकदाच सांगत जा." ते याला लागलं होतं. मोठा भाऊ पडला ना! लागलेलं बोलून दाखवायचं नाही, लोणच्यासारखं मुरवत ठेवायचं. म्हणून त्याने थेंब स्वतःच्या साध्या पाकिटातून टाकला. थोडंसं नाणं पुलावरून पलीकडे गेलं आणि तिथल्या त्याच्याच पाकिटात सुखरूप पोचलं. त्याने समाधानाने चहा मागवला.

मग तिजोरीतली सगळी रक्कम पाठवायला काढली. पलीकडे कुठल्या पत्त्यावर द्यायची, तो रकाना आपोआप भरला गेला: तिजोरीचाच पत्ता. खाली पिवळ्या अक्षरांत एक ओळ होती, की हा पत्ता पलीकडेही तुमच्या ताब्यात आहे याची खात्री करा. खात्री तर आत्ताच केली होती. त्याने खूण करून टाकली आणि बहिणीला फोन लावला.

"थेंब टाकून पाहिलास ना?" तिने विचारलं.

"पाहिला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिने होकार दाबला.

रक्कम पलीकडे पोचली, अगदी पै न् पै. पत्ता तोच, आकडा तोच. त्याने तिजोरी उघडायला घेतली, तर उत्तर आलं की या नेटवर्कवर अशी तिजोरीच नाही. साधं पाकीट म्हणजे नुसती चावी. ती खिशात घालून कुठल्याही नेटवर्कवर जा, तो पत्ता तुमचाच. दोन चाव्यांची तिजोरी मात्र बांधावी लागते, आणि जिथे बांधली तिथेच ती असते. पलीकडे त्या पत्त्यावर नुसती मोकळी जागा होती. बहिणीचा सगळा वाटा तिथे जाऊन पडला होता आणि त्याला दारच नव्हतं.

तिजोरी बनवणाऱ्यांच्या मदतनिसाने नम्रपणे लिहिलं, की ही जुन्या पद्धतीची आहे, पलीकडे त्याच पत्त्यावर तशीच पुन्हा बांधता येत नाही. याने तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तोही बिचारा तेच उत्तर फिरवून फिरवून देत राहिला.

गुरुवारी दुपारी बहीण दुकानात आली. सहीला जाताना घालायचा करडा कोट तिने धुवायला टाकला होता. तो याने सकाळीच स्वतः प्रेस करून ठेवला होता; दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. ती काउंटरला टेकून सांगत होती, की आता ती मधली भिंत पाडणार आणि खिडकीशी म्हाताऱ्या पेशंटना धरून चालायला दांडा बसवणार. शेवटी त्याने फोन तिच्यापुढे सरकवला आणि सगळं सांगितलं.

तिने आकडा पाहिला. "दिसताहेत तर."

"दिसतातच. काढता येत नाहीत."

"कधीच?"

"कधीच."

मागे प्रेसचं मशीन वाफ सोडत होतं, त्याने ते बंद केलं.

"पण तू थेंब टाकला होतास," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला."

"टाकला होता. माझ्या पाकिटातून. तुला दोनदा त्रास द्यायला नको म्हणून."

लाँड्रीतच वाढलेली ती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हणजे दुसऱ्याच कपड्यावर," ती म्हणाली.

त्याची मान खाली गेली. बापाने पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट! थेंब त्याच कपड्याच्या शिवणीवर टाकायचा. सुतीवर टाकून रेशमाला हात लावायचा नाही. उभा जन्म त्याने हजारो परक्या कपड्यांना हा नियम पाळला, आणि सख्ख्या बहिणीच्या वेळेला विसरला. का, तर एक फोन करणं जिवावर आलं म्हणून.

"मी फेडीन. मशीन विकतो," तो म्हणाला.

"उद्या सही आहे, दादा." तिने फोन त्याच्याकडे परत सरकवला. "तू फोन करायचा होतास. मी चिडले असते, हजारदा चिडले असते. पण होकार दिला असता रे."

पैशापेक्षा त्याला खात होता तो एकच शब्द: पाहिला. खोटा नव्हता तो, पण तिने जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. आणि हे त्याला त्या क्षणीही आत कुठेतरी ठाऊक होतं.

तिने पर्स उघडून कोटाचा बिल्ला काढला आणि काउंटरवर ठेवला. त्याने कोट आणून दिला. तिने तो अंगावर न घालता हातावर टाकला.

"किती झाले?" तिने विचारलं.

त्या दुकानात तिने हा प्रश्न आजवर कधी विचारला नव्हता. त्याने नको नको अशी मान हलवली. तिने भिंतीवरच्या पाटीवर कोटाचा दर शोधला, तेवढे पैसे बिल्ल्याशेजारी ठेवले आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेली.