चार बोटं टेप

पंकजचा फोन आला तेव्हा मी प्रताप नगरच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो.

"संज्या, पहिले खाली बस," तो म्हणाला. "मग सांगतो."

मी बसलो नाही. पंकज साधी गोष्टही मीठमसाला लावून सांगतो, आणि चाळीस वर्षांच्या मैत्रीनंतर माझ्यात तेवढी सहनशक्ती उरलेली नाही. पर्यटकांना वाघ दाखवायला नेणाऱ्या दोन गाड्या आहेत त्याच्या.

"पेंचच्या रिसॉर्टवरून पाहुण्यांची यादी आली. परवा एका म्हाताऱ्याले तिथून विमानतळावर सोडाचं आहे. नाव वाचून दाखवतो. कॉलिन ड्रेवेट."

मी बसलो.

हे नाव तुम्हाला माहीत नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडात 'सॉल्ट अल्मनॅक' नावाचा पाच जणांचा बँड होता. कॉलिन ड्रेवेट त्यात कीबोर्ड वाजवायचा आणि गाणीही तोच रचायचा. त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं, ताल मधेच बदलतो, आणि घरातले लोक येऊन विचारतात, हे अजून संपलं नाही का. माझ्या शिरगणतीप्रमाणे अख्ख्या नागपुरात या बँडचे चाहते दोनच, मी आणि पंकज. माझे वडील बँडच्या नावाचा अर्थ मला विचारून घेऊन त्याला 'मिठाचं पंचांग' म्हणायचे. "लाव गा तुहं मिठाचं पंचांग," असं म्हणत ते मागावर बसायचे.

वडील, म्हणजे ताराचंद, विणकर. तांडापेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन माग होते आणि वडील त्यावर नऊवारी लुगडी विणायचे. १९८५ साली मी आणि पंकजने सदरमधल्या एका दुकानातून परदेशी रेकॉर्डवरून एक कॅसेट भरून घेतली. दोघांत एकच कॅसेट, आठवडाभर त्याच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे. तिच्या दुसऱ्या बाजूला 'ऑर्चर्ड क्लॉक' हे एकोणीस मिनिटांचं गाणं होतं. तालाची एकेक फेरी तेरा ठोक्यांची. त्या वयात आम्हाला ते मोजताही येत नव्हतं. मोजलं ते वडिलांनी. दोन दिवस मागावर बसून ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे तेरा पावलं चालते. चौदावं टाकत नाही." त्यानंतर आडवा धागा नेणारा त्यांचा धोटा त्या गाण्यावर असा फिरू लागला की गाणं कुठं संपतं आणि माग कुठं सुरू होतो ते कळेना. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संगीत मी त्या खोलीत ऐकलं. ते आता पुन्हा ऐकता येणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी टेपरेकॉर्डरने ती कॅसेट खाल्ली. अकराव्या मिनिटाशी टेप अशी चुरगळली की पंकज रडकुंडीला आला, मी तर रडलोच. वडिलांनी कॅसेट उघडली, टेप बोटांवर घेतली, जशी मागावर तुटलेल्या ताण्याची, उभ्या धाग्याची, टोकं जोड द्यायला घ्यायचे तशी. चुरगळलेला भाग कात्रीने काढून टाकला. चार बोटं टेप गेली. दोन्ही टोकं त्यांनी सरळ कापली नाहीत, तिरपी कापली, एकमेकांशी भिडवली, मागून चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडा ब्लेडने तासल्या. तिरपी का कापली, असं मी विचारलं. "सरळ कापलं तर अटकते," म्हणाले. कॅसेट परत चालली. पहिल्या बाजूचंही एक गाणं त्यात कापलं गेलं, पण ते आम्हाला तसंही आवडत नव्हतं.

चार बोटं टेपेबरोबर गाण्याचे चार ठोके गेले. हे आम्हाला माहीत नव्हतं. एक तेराची फेरी आमच्याकडे नऊचीच झाली. आम्हाला वाटलं, वा, काय अवघड रचना केली आहे. त्या जागी वडील धोटा क्षणभर हातात धरून ठेवायचे आणि पुढच्या फेरीला सोडायचे. आम्हीही तिथे मान झटकायचो. वीस वर्षं झटकली.

मग २००७ च्या दिवाळीत पंकजच्या भाच्याने बाहेरून सीडी आणली. आम्ही तांडापेठेच्या घरी बसून ती लावली. अकराव्या मिनिटाला आम्ही दोघं चुकलो, आणि चूक कोणाची ते तेव्हा कळलं. वडील दारात उभे राहून ऐकत होते. मला का कोण जाणे राग आला. वीस वर्षं आपण खोटं गाणं डोक्यावर घेऊन नाचलो, असं वाटलं. मी म्हणालो, "बाबा, तुमचा जोड दिसते."

विणकराला तुम्ही आळशी म्हणा, अडाणी म्हणा, तो हसून सोडून देईल. जोड दिसतो असं म्हणू नका. मी लहान असताना वडील विणलेलं लुगडं माझ्यासमोर पसरून विचारायचे, "सांग, जोड कुठं आहे?" आणि मला तो कधीच सापडला नाही. त्या दिवशी वडील दारातून पुढे आले. टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून त्यांनी आत नेली. त्यानंतर माझ्याशी सगळं बोलले, माझ्या मुलीच्या लग्नात नाचले, पण मिठाचं पंचांग लाव असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी माफीही मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, दुसऱ्या दिवशी भाजी आणून द्यायची रीत आहे.

म्हणून पंकजचा फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात सहीबिही काही नव्हतं. ज्याने गाणं केलं त्याने एकदा माझ्या बापाला सांगावं की जोड चांगला झाला आहे. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. अजून किती दिवस वाट पाहणार?

"हे काही होणार नाही," संध्याकाळी मी हे बोलून दाखवल्यावर पंकज म्हणाला. "पाहुण्याले घरी नेता येत नाही. रिसॉर्टवाले बोंबलतील. एक सही तुही, एक माही, अन् चूप बसाचं."

"बरं," मी म्हणालो.

परवाच्या दिवशी मी त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून पेंचला गेलो. कॉलिन ड्रेवेट रिसॉर्टच्या पायऱ्यांवर बॅग घेऊन उभा होता. सीडीवरच्या फोटोत त्याचे केस खांद्यापर्यंत होते, आता डोक्यावर फक्त टोपी होती. उंच, वाकलेला, कानात यंत्र. वाघ दिसला का, असं पंकजने त्याच्या इंग्रजीत विचारलं. नाही दिसला, पावलं दिसली, तो म्हणाला, आणि तेवढ्यावर तो खूश होता. गाडी निघाली. चाळीस वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात बोललो तो माणूस मागे बसला होता, आणि माझं थोबाड शिवल्यासारखं झालं होतं.

मनसर मागे पडल्यावर पंकजलाच राहवलं नाही. त्याने 'ऑर्चर्ड क्लॉक' लावलं. मागून हसल्याचा आवाज आला. "अरे देवा," अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटला, पण बंद करा म्हणाला नाही. आम्ही दोघं समोर रस्त्याकडे बघत ऐकत होतो. पंकजची बोटं स्टिअरिंगवर, माझी गुडघ्यावर. कन्हानचा पूल आला तेव्हा गाणं अकराव्या मिनिटाला आलं आणि आम्ही दोघांनी एकदमच मान झटकली, चार ठोके आधी.

सीडी आली, मोबाईल आला, खरं गाणं शेकडो वेळा ऐकलं. पण शरीर काही सुधारलं नाही.

मागून माझ्या खांद्यावर हात पडला.

"तुम्ही दोघंही चुकलात," तो म्हणाला. "एकाच जागी, एकाच वेळी. एकजण चुकला तर समजू शकतो. दोघं कसे?"

आता मात्र माझं थोबाड उघडलं. टेप, कात्री, चार बोटं, तिरपा काप, सगळं सांगितलं. मी काय बोललो होतो तेही सांगितलं. तिरप्या कापाचं ऐकताना तो पुढे सरकून बसला.

"त्यांना तिरपं कापायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. ते विणकर आहेत."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "माझं विमान साडेसहाचं आहे ना?"

पंकजने माझ्याकडे पाहिलं, आणि इंदोऱ्यापाशी मुकाट गाडी तांडापेठेकडे वळवली.

तांडापेठेच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, म्हणून आम्ही चालत गेलो. दार माझ्या बहिणीने उघडलं. भारती वडिलांजवळच राहते. गोऱ्या पाहुण्याला पाहून ती दचकली, मग माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, फोन तरी कराचा होता. घरात पोह्याशिवाय काही नाही."

"बाबांची ती जुनी कॅसेट सापडते का, बघ वं," मी म्हणालो. "कुठं तरी ठेवली असंल."

"ठेवली कुठं? टेपमध्येच आहे. रोज दुपारी लावते ना बाबा."

मी रविवारी सकाळी येतो, अकरा वाजता जातो. दुपारी या घरात काय होतं ते सतरा-अठरा वर्षांत मी पाहिलंच नव्हतं. फार लाज वाटली मला.

वडील पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, जिथे पूर्वी माग होता तिथेच. मी सांगितलं, बाबा, हा मिठाच्या पंचांगातला. त्यांनी कॉलिनला नीट खालीवर पाहून घेतलं, नमस्कार केला आणि भारतीला म्हणाले, "त्याले खुर्ची दे वं. अन् लाव."

टेपरेकॉर्डर जरा हळू चालत होता, त्यामुळे गाणं थोडं खालच्या पट्टीत आलं. बाकी सगळं तेच. खरखर तीच. अकरावं मिनिट जवळ आलं. वडिलांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, न दिसणारा धोटा धरून थांबला, आणि जोड निघून गेल्यावर पुढच्या फेरीला सुटला. कॉलिन गाण्याकडे नाही, त्या हाताकडे बघत होता.

गाणं संपल्यावर त्याने डाव्या तळव्यावर उजव्या हाताची बोटं तिरपी ठेवून कापल्यासारखं केलं. वडिलांनी मान हलवली आणि तसंच करून दाखवलं, फक्त तिरकस थोडी जास्त. मग कॉलिन मला सांगू लागला. हे गाणं त्यांनी एका दमात कधी वाजवलंच नव्हतं. स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांत वाजवलं, आणि पुढचे तीन आठवडे तो स्वतः ब्लेडने टेप कापून जोडत बसला होता. तिरपीच कापायची, नाहीतर सांध्यावर खट्ट असा आवाज येतो. एकोणीस मिनिटांत त्याचे स्वतःचे एकतीस जोड आहेत.

मी हे वडिलांना सांगितलं. एकतीस हा आकडा ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याला मी वर्षानुवर्षं घाबरत होतो.

"त्याले विचार. माहा जोड दिसला का?"

मी विचारलं. कॉलिन वडिलांकडे वळला. "सांध्यावर आवाज नाही, काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पण दिसला. मला दिसणारच."

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही दिसला म्हणते, बाबा."

वडील हसले. दात राहिलेले नाहीत, त्यामुळे हसले की लहान मुलासारखे दिसतात.

"खोटं बोलून राहिला तू. ज्यानं विणलं त्याले दिसतेच. मले माहे सगळे जोड दिसत. तुले लुगडं पसरून विचारो, तेव्हा बी मले दिसे."

"मग तुमी त्या दिवशी काहून रागावले?" मी विचारलं.

"दिसते म्हटलं म्हणून नाही रागावलो," वडील म्हणाले. "तू त्या दिवसापासून ती कॅसेट मागितली नाही, लावली नाही. जोड दिसला म्हणून लुगडं कोणी फेकून देते का गा?"

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. पंकज खिडकीबाहेर बघू लागला. कॉलिनने विचारलं, काय म्हणाले? या वेळी मी शब्द न शब्द खरा सांगितला. ते ऐकून त्याने टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. मग म्हणाला, पुन्हा लावा.

मी उठलो. कॅसेट मागे नेली, बटण दाबलं आणि म्हणालो, "बाबा, मिठाचं पंचांग." भारतीने पोहे आणले, ते हातातच राहिले. सहीचं कोणाच्या लक्षातही नव्हतं. पंकज सारखा घड्याळ बघत होता, कारण विमान साडेसहाचं होतं, पण अकराव्या मिनिटाला त्याचाही हात थांबला. वडील, कॉलिन, पंकज आणि मी, चौघंही जोडापाशी थांबलो आणि पुढच्या फेरीला एकदमच निघालो.