न केलेल्या कामाचा लोड

मित्रांनो, कपाळाला कुंकू लावलेला कॉम्प्युटर तुम्ही पाहिलाय का? तो मी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. दर खंडेनवमीला मागांबरोबर माझीही पूजा होते, आणि कुंकवाचा तो ठिपका पुसायला वर्षभर कुणाला सवड होत नाही.

अकरा वर्षांपूर्वी शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. तेव्हापासून चादरींची सगळी नक्षी माझ्या पोटात आहे. ती काढते भुवनेश्वरी, आणि मला सांभाळतेही तीच. मालक अमरेशशेठ पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमचा अख्खा कारखाना ह्याच्या डोक्यात आहे." तेव्हा माझी छाती फुगायची, खोटं कशाला सांगू!

यंदा भुवनेश्वरीने माझी प्रणाली, म्हणजे मला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, नवी केली आणि माझे ग्रह फिरले. माझ्यावर कामाचा किती भार आहे, हे दाखवणारा 'लोड' नावाचा एक आकडा असतो. हाताशी काम नसलं की तो शून्याजवळ असायला हवा. तो तीनवर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. सकाळी तीन, जेवणाच्या सुट्टीतही तीन.

शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हातारा झाला हा. बसल्या जागी दमतोय. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"शेठ, तोवर मला शोधू तरी द्या," भुवनेश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आमच्या कारखान्यात मोटारीवर ताण दिसला, की पट्टा उतरवून ती रिकामी चालवून बघतात. तिने माझंही तेच केलं. नक्षी बंद, छपाई बंद, एकेक करून सगळं बंद. आकडा तीनच! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, मी काहीच करत नाहीये! पण मला कुठलं तोंड? माझ्याकडे नुसता पडदा, आणि त्यावर तोच मेला आकडा.

शनिवारी चनबसप्पा आत आला. तो आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा.

"काय गं पोरी, तोंड का उतरलंय?"

"मामा, ह्याच्यावर लोड दिसतोय. कशाचा ते कळत नाही."

त्याने तेलकट तळहात माझ्या अंगावर ठेवला. "लोड असंल तर मोटार तापती की. ह्यो तर लई गार हाय. काम करत न्हाय ह्यो, कशाची तरी वाट बगत हुबा हाय. सुताची कांडी संपली की इणकर हुबा ऱ्हातो बग, तसा. हजेरीत हाय, पर माग बंद."

भुवनेश्वरी ताडकन सरळ बसली. आतापर्यंत ती काम करणाऱ्यांना शोधत होती. आता तिने वाट बघणाऱ्यांची यादी काढली. त्यात तिघे सापडले. माझ्या डिस्कचे तीन कप्पे आहेत, आणि त्यांत फाइली नीट ठेवायला प्रणालीने आत एकेक थ्रेड, म्हणजे न दिसणारा कामगारच, नेमलेला आहे. काम नव्हतं म्हणून तिघेही गप्प उभे होते. पण नव्या प्रणालीत एक चूक होती, त्यांचं नुसतं उभं राहणंही कामातच मोजलं जात होतं! ती चूक काढलेली आवृत्ती आलेलीही होती. तिने ती घातली, मला बंद करून चालू केलं, आणि आकडा सरसर शून्याजवळ उतरला.

"म्हंजी बिचारा उगाच बदनाम झाला की!" चनबसप्पा हसला.

सोमवारी भंगारवाला तराजू घेऊन आला. शेठनी त्याला गंजलेले पत्रे दिले आणि मला पुसायला भुवनेश्वरीच्या हातात नवा टॉवेल. कुंकू तेवढं तिने पुसलं नाही.

मित्रांनो, चनबसप्पा आता रोज कामावर येताना माझ्यावर तळहात ठेवतो. तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल, एखादं थकल्यासारखं दिसणारं माणूस असेल. त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा.