जहाजावरचा मामा

बहिणीच्या पत्राला त्याने आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचंच होतं. 'दादा, सुटलास हे कळलं. घरी ये. पोरांना मी सांगून ठेवलंय की मामा जहाजावर आहे. त्यांना काय काय सांगायचं ते ठरवून ये, म्हणजे झालं.'

ठरवता ठरवता त्याच्या नाकी नऊ आले. वाचनालयातून जहाजांवरचं जाडजूड पुस्तक आणून त्याने पाठ केलं. सराव म्हणून लाँड्रीत नोकरी धरतानाही तीच थाप ठोकली: चार वर्षं बोटीवर कपडे धूत होतो. कपडे खरे होते. बोट तेवढी खोटी.

मालकीणबाई एरवी चादरी मनात मोजत. त्या दिवशी इस्त्रीवाल्या मावशींची टकळी थांबेना, म्हणून मोठ्याने मोजू लागल्या. "एक, दोन, तीन..."

तो मटकन उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. 'सात' ऐकताच तोंडातून निघून गेलं, "हजर."

मावशींनी इस्त्री उभी केली. "काय हो दर्यावर्दी, उसण भरली?"

"नाही."

"मग बोटीवर माणसं चादरींबरोबर मोजतात की काय?"

त्याने पुस्तक आठवून पाहिलं. त्यात शिडं होती, नांगर होते, हे कुठेच नव्हतं. नोकरी गेलीच म्हणायची. जाणारच आहे तर निदान धड जाऊ दे.

"बोट नव्हती, मावशी. तुरुंग होता. गोदाम फोडलं होतं मी. तिथे रोज असं बसवून मोजायचे. रांगेत माझा नंबर सातवा."

मालकीणबाईंनी हातातली चादर खाली ठेवली.

"तरी म्हटलं," मावशी म्हणाल्या, "परवा सांगत होता, वादळ आलं की आम्ही गज धरून बसायचो. बोटीला मेले गज कुठले?"

मालकीणबाई हसल्या नाहीत. "दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडेच राहतील."

"राहू द्या. दार आपल्या हाताने उघडायचं असतं हेच मला अजून सुचत नाही. किल्ली घेऊन काय करू?"

आता मात्र बाईंनी पदर तोंडाला लावला. "उठा. सातवे तुम्ही झालात, आठपासून पुढे मोजा."

तो मोजू लागला आणि हसू लागला. अकराला हसला, पंधराला हसला, विसाला तर चादरीत तोंड खुपसून खिंकाळला. तीनदा चुकला, मावशींनी तीनदा चिडवलं.

दुपारच्या सुटीत त्याने मावशींकडून पेन घेतलं.

'चिमे, जहाज बुडालं. मी पोहत बाहेर आलो. पोरांना तुरुंग म्हणूनच सांग, गोदामाचंही सांग. तुझ्याने होत नसेल तर मी सांगेन. एवढं वाचूनही बोलावत असशील तर रविवारी येतो.'

तो पत्र घेऊन कोपऱ्यावर गेला, तेव्हा पोस्टमन टपालपेटी उघडून रिकामी करत होता. त्याने पत्र फटीत सरकवलं, पण चिमटीतून सुटेना.

"काका," पोस्टमन म्हणाला, "सोडताय, की मी आतून ओढू?"

त्याने सोडलं.